इनामाचे चार बंद: मोडी लिप्यंतर आणि पुण्याच्या दफ्तराचा माझा अनुभव

सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावात एकाच आडनावाच्या दोन आळ्या आहेत. वरच्या आळीत थोरली पाती, खालच्या आळीत आम्ही, धाकटी पाती. लग्नाची पत्रिका जाते, मयताला माणसं येतात, पण एकमेकांच्या पंगतीला कुणी बसत नाही. का, असं विचारलं की खालच्या आळीत एकच उत्तर मिळतं: “थोरल्यांनी साहेबाशी संधान बांधून आपली पंधरा बिघे इनामाची जमीन लाटली.” आजोबांनी हे अण्णांना सांगितलं, अण्णांनी आम्हा भावंडांना. इनाम म्हणजे सरकारने साऱ्याची सूट देऊन दिलेली जमीन. साहेब कोण, साल कुठलं, कागद कुठला, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

मी नाशिकला एका पतसंस्थेत कर्जाच्या फाइली बघते. सातबारा, आठ-अ, फेरफार यांत माझा दिवस जातो. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली की कुठेतरी त्याची नोंद राहते, हे मला रोजच्या कामातून माहीत आहे. गेल्या वर्षी अण्णांनी ब्याऐंशी पूर्ण केली आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. आजोबांच्या पागोट्याच्या कापडात गुंडाळलेले मोडीतले चार बंद निघाले. बंद म्हणजे हातकागदाचे लांब अरुंद ताव. घड्यांवर झिजलेले होते, एका कोपऱ्याला कसर लागली होती, पण शाई काळीभोर होती. अण्णा म्हणाले, “माझ्या डोळ्यांदेखत हे वाचून घे.”

त्या कागदांसाठी मी ज्या दोन ठिकाणी गेले, त्यांच्याबद्दल लिहिते आहे. एक म्हणजे मोडीचं बाळबोध, म्हणजे देवनागरी, करून देणाऱ्या पुण्याच्या बाई. त्या घरातून एकट्या काम करतात आणि नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून ते देत नाही. दुसरं ठिकाण म्हणजे पुणे पुराभिलेखागार, ज्याला जुने लोक अजून पेशवे दफ्तर किंवा एलिएनेशन ऑफिस म्हणतात.

बाईंकडे जायच्या आधी मी एकदा फसले, तेही सांगायला हवं. ओळखीतून एकांचा नंबर मिळाला. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. त्यात जाणकार आहेत तसे घाईचेही आहेत. या गृहस्थांनी फोनवर विचारलं, “घरात काय सांगतात?” मी म्हटलं, मूळपुरुषाचा बाप पानिपतावर पडला आणि म्हणून इनाम मिळालं, असं सांगतात. तीन दिवसांत टाइप केलेली दोन पानं आली. त्यात “पाणपतांत कामास आला” असं स्वच्छ लिहिलेलं, आणि सनदेचं साल १७६८. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही ती पानं लॅमिनेट करून आणली.

मला खटकली ती मधली टिंबं. दोन पानांत नऊ ठिकाणी टिंबं होती. फोन केला तर म्हणाले, “तिथे काही महत्त्वाचं नाही, नेहमीचा मायना आहे.” आमच्याकडे कर्जाच्या करारात असं कुणी म्हणालं तर ती फाइल मी पुढे सरकवत नाही. म्हणून दुसऱ्या वाचकाचा शोध घेतला.

पुण्याच्या बाईंनी फोनवर घरात काय सांगतात ते विचारलंच नाही. मी सांगायला लागले तर म्हणाल्या, “ताई, ते आत्ता नको. मी वाचून झाल्यावर सांगा. आधी ऐकलं की तेच दिसायला लागतं.” त्यांनी फोटो कसे काढायचे ते समजावलं: फ्लॅश नको, खिडकीच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून, प्रत्येक बंदाचे वर-मधला-खाली असे तीन, आणि पाठकोऱ्या बाजूचाही, कारण पाठीवर शेरा असतो. इस्त्री फिरवू नका, सेलोटेप तर मुळीच लावू नका, हे दोनदा सांगितलं.

तीन आठवड्यांनी त्यांचं काम आलं. ते इतकं नेटकं होतं की आमच्या शाखेतल्या सगळ्यांना मी ते दाखवलं. डावीकडे मूळ ओळीचा फोटो, मध्ये तीच ओळ जशीच्या तशी बाळबोधात, उजवीकडे आजच्या मराठीत अर्थ. शुद्धलेखन सुधारलेलं नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरांत अक्षर गुंतवत जायचं, शब्द तोडायचे नाहीत. त्यामुळे शब्द कुठे तुटतो हे ठरवणं हेच अर्धं काम. जिथे बाईंना खात्री नव्हती तिथे शब्दापुढे प्रश्नचिन्ह होतं, आणि एके ठिकाणी सरळ लिहिलं होतं: “हे अक्षर मला लागत नाही.” सगळ्या कागदात मिळून असे चारच शब्द.

आता सालाची गोष्ट, कारण खरं-खोटं तिथेच ठरलं. सनदेच्या नकलेत काळ असा लिहिलाय: “सु॥ इसन्ने समानीन मया व अलफ”. हे अरबी आकडे उलट्या क्रमाने वाचायचे. अलफ हजार, मया शंभर, समानीन ऐंशी, इसन्ने दोन. म्हणजे ११८२. इथपर्यंत पहिल्या गृहस्थांचंही बरोबर होतं. पण त्यांनी ते हिजरी साल धरलं आणि १७६८ काढलं. सुरुवातीचा ‘सु’ हा सुहूर सनाचा. हा सन मृगापासून बदलतो, आणि त्यात ५९९ मिळवले की ज्या इसवी सनात तो सुरू होतो ते साल येतं. ११८२ अधिक ५९९, म्हणजे १७८१. तेरा वर्षांचा फरक!

बाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. नकलेत शिक्क्याच्या जागी लहान चौकट आखून आतला मजकूर लिहिला होता. पहिल्या वाचकाने तिथे टिंबं दिली होती. बाईंनी ती चौकट वाचली: “श्री राजा शाहू नरपती हर्षनिधान माधवराव नारायण मुख्य प्रधान”. त्यांनी मला फोन करून समजावलं ते असं. १७६८ चे पेशवे थोरले माधवराव. त्यांच्या शिक्क्यात बापाचं नाव म्हणून ‘बल्लाळ’ येणार आणि छत्रपतींचं नाव ‘राजाराम’ येणार, कारण तेव्हा गादीवर रामराजे होते. इथे ‘नारायण’ आहे, म्हणजे नारायणरावांचा मुलगा, सवाई माधवराव. आणि ‘शाहू’ म्हणजे १७७७ नंतर गादीवर आलेले दुसरे शाहू महाराज. खाली आत शके १७०३, प्लवनाम संवत्सर असाही उल्लेख आहे. प्लव साठ वर्षांनी परत येतो. २०२१ चा पाडवा आपण प्लवनामच म्हणून वाचला, त्यातून साठाच्या चार उड्या मागे गेलं की १७८१. तीन वेगवेगळ्या वाटांनी एकाच सालावर येणं याला मी खात्री म्हणते.

आणि “पाणपतांत” तिथे नव्हतंच. शब्द होता “घाटांत”. पूर्ण वाक्य असं: “तुमचा बाप इंगरेजाचे लढाईत घाटांत सरकारकामावर कामास आला”. १७८१ च्या वसंतात इंग्रजांच्या जनरल गॉडर्डची फौज बोरघाटात येऊन बसली होती. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांनी तिला पनवेलकडे रेटत नेलं. त्या धामधुमीत आमचा पूर्वज, एक साधा शिलेदार, पडला. त्याच वर्षीच्या मृगानंतर त्याच्या मुलांना इनाम मिळालं. सनदेत त्याला शब्द आहे ‘बालपरवेशी’, म्हणजे पडलेल्या माणसाच्या लहान मुलांच्या पोटगीसाठी दिलेली जमीन. देणारे पेशवे स्वतः तेव्हा सात वर्षांचे होते, कारभार नाना फडणविसांचा. मी हे अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे पानिपत नाही.” मी म्हटलं, नाही. “घाटातला होता,” ते म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी दोन-तीनदा स्वतःशी म्हणून बघितला.

सनदेचा मायना मी आता पाठ केलाय. जमीन देताना काय काय दिलं ते सांगणारी ओळ आहे: “कुलबाब कुलकानू हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेपसहित, खेरीज हकदार व इनामदार करून”. सगळ्या बाबी, सगळे कर, आजचे आणि पुढे बसतील ते. पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन, ठेवलेलं धन. किती जमीन? पाव चाहूर, म्हणजे वीस पांडांचा बिघा या हिशोबाने तीस बिघे. आणि शेवटी गावच्या मोकदमाला, म्हणजे पाटलाला, ताकीद, की दरसाल नव्या पत्राचा आक्षेप करू नका, या पत्राची नक्कल ठेवून घ्या आणि अस्सल “भोगवटियास”, म्हणजे जमीन भोगणाऱ्याकडे ठेवायला, परत द्या. हे वाक्य वाचलं आणि लक्षात आलं की अस्सल सनद कुठेतरी असणार. आमच्या ट्रंकेत फक्त नक्कल होती.

ही नक्कल ज्या कागदात होती तो मुळात १८५० च्या दशकातला, इनाम कमिशनपुढे दिलेल्या कैफियतीचा, म्हणजे लेखी निवेदनाचा. १८१८ मध्ये पेशव्यांचं राज्य गेलं तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या एल्फिन्स्टनने साताऱ्याच्या जाहीरनाम्यात वतनं-इनामं चालू ठेवू म्हणून सांगितलं होतं. पण किती जमीन खरोखर इनाम आहे हे कंपनीला तपासायचं होतं, कारण सूट दिलेला प्रत्येक बिघा म्हणजे बुडालेला सारा. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि घरोघरचे दावे मागवले गेले. इनाम कुणी दिलं, कुणाला, कधी, भोगवटा कुणाचा, आणि मूळ धनी ते आजचा धनी अशी वंशावळ. आज आपल्याला घराण्याचा शोध घेता येतो तो या चौकशीमुळे. घाटात इंग्रजांशी लढताना पडलेल्या माणसाच्या नातवांना इंग्रजांच्याच कमिशनपुढे उभं राहून “आमचा आजा तुमच्या लढाईत पडला” हे सांगावं लागलं. त्या जबानीचा कागद वाचताना माझा हात थरथरला.

ट्रंकेतली कैफियत शेवटच्या बंदात अर्ध्यावर तुटते. पुढचे कागद कमिशनच्या दफ्तरात असतील, असं बाई म्हणाल्या. म्हणून पुणे पुराभिलेखागार.

इमारत कौन्सिल हॉलच्या बाजूला आहे, १८९१ ची, जाड दगडी भिंतींची. पेशव्यांचं दफ्तर टिकलं त्याचं एक कारण हेच इनाम कमिशन. लोकांनी आणलेल्या सनदा खऱ्या की बनावट, हे तपासायला पेशव्यांच्याच रोजकीर्दी लागायच्या. रोजकीर्द म्हणजे रोजची नोंदवही. सनद खरोखर दिली असेल तर त्या दिवशीच्या कीर्दीत तिचा उल्लेख असणार. आत कागद कपड्यात बांधून ठेवलेले आहेत, प्रत्येक गाठोड्याला रुमाल म्हणतात, आणि असे हजारो रुमाल आहेत. मी ओळखपत्र, अर्ज आणि बाईंचं लिप्यंतर घेऊन गेले. अर्जात गाव, परगणा, सुहूर सन, इनामाचा प्रकार असं सगळं होतं. ‘घराण्याची माहिती हवी’ एवढंच लिहून गेलात तर तिथल्या माणसांनी तरी शोधायचं कुठे? माझ्या अर्जावरून त्यांनी नेमकं विचारलं आणि नेमकं काढून दिलं.

माझ्याकडून एक चूक झाली होती, ती तुम्ही करू नका. मी नाशिक जिल्हा म्हणून शोधत होते. नाशिक जिल्हा झाला १८६९ मध्ये. त्याआधी सिन्नर अहमदनगरच्या कलेक्टरीखाली होतं. (आता त्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर, पण जुन्या यादीत अहमदनगरच शोधायचं.) ही दुरुस्ती मला तिथल्या एका कर्मचारी बाईंनी यादी बघता बघता सांगितली. नाहीतर मी आणखी दोन दिवस चुकीच्या यादीत बोट फिरवत बसले असते.

रुमाल समोर सोडला गेला तो क्षण मी विसरणार नाही. कपडा चारी बाजूंनी उलगडला, आत उभ्या घडीचे कागद एकावर एक, आणि जुन्या कागदाचा कोरडा, किंचित आंबूस वास. मोडीचा एक महिन्याचा वर्ग मी तेवढ्यासाठी केला होता. सगळं वाचता येत नव्हतं, पण ‘मौजे’चं ‘मौ’, गावाचं नाव आणि ‘बिन’ एवढं ओळखता येत होतं. बिन म्हणजे मुलगा. अमुक बिन तमुक. पाचव्या कागदावर आमच्या गावाचं नाव दिसलं, त्याखाली बिन, बिन, बिन अशी उतरंड. माझ्या खापरपणजोबांच्या आजोबांपर्यंत. रीतीप्रमाणे फी भरून प्रती घेतल्या आणि बाईंकडे पोचवल्या.

त्या कागदांत काय निघालं? तर दोन भाऊ मोठे झाले. पेशवाईच्या शेवटच्या वर्षांत धाकट्याला परगण्याच्या कमाविसदाराने आणखी पंधरा बिघे दिले, देवनदीच्या काठचे, पाटाच्या पाण्याखालचे. पुढे वाटणी झाली. वाटणीपत्राची नक्कलही सोबत आहे: थोरल्याने सनदेचे तीस बिघे घेतले, सगळे कोरडवाहू. धाकट्याने “राजीखुशीने” पाटाखालचे पंधरा घेतले. कुणीही हेच केलं असतं, पंधरा बिघे बागाईत तीस बिघे जिराईताला भारी. पण कमिशनचा पहिला प्रश्न असायचा: इनाम देणाऱ्याला ते द्यायचा अधिकार होता का? हुजूरची, म्हणजे खुद्द पेशव्यांची, सनद असेल तर होता. कमाविसदार हा नुसता वसुलीचा अधिकारी, सरकारची जमीन कायमची देऊन टाकायचा हक्क त्याला नव्हता. हुजूरची मंजुरी दाखवता आली नाही, आणि पंधरा बिघे खालसा झाले, म्हणजे त्यांचं इनाम रद्द झालं. थोरल्यांचे तीस टिकले. पुढे १८६३ च्या दुसऱ्या कायद्याने आकाराच्या, म्हणजे ठरलेल्या साऱ्याच्या, चौथाईइतकी जुडी (इनामावरचा कमी दराचा सारा) आणि रुपयाला एक आणा नजराणा भरून ते कायमचे त्यांच्या नावावर झाले.

म्हणजे साहेब होता, जमीनही गेली, पण थोरल्यांनी लाटली नव्हती. उलट, ज्या कागदाने मला बसल्या जागी रडवलं तो थोरल्या पातीतल्या नातवाचा जबाब. त्याला विचारलं आहे की हे पंधरा बिघे कुणाचे. तो सांगतो की आमच्या चुलत्याच्या लेकरांचे, भोगवटा आजतागायत त्यांचाच, आमचा दावा नाही, आणि “सरकारांनी कृपा करोन त्यांचे त्यांजकडे चालवावे”. खाली सहीऐवजी निशाणी नांगर.

मग ते शेत आज थोरल्यांच्या सातबाऱ्यावर कसं? याचं उत्तर तालुक्याच्या जुन्या कागदांत मिळालं. इनाम गेल्यावर त्या जमिनीवर पूर्ण धारा, म्हणजे सारा, बसला. १८७६-७७ चा दुष्काळ आला. धाकट्या पातीला धारा झेपेना, त्यांनी राजीनामा दिला. तेव्हा राजीनामा म्हणजे जमीन सोडल्याचा कागद आणि नव्या धन्याने धारा कबूल केल्याचा कागद म्हणजे कबुलायत. कबुलायत थोरल्यांची आहे. लोकांनी बघितलं ते एवढंच, की काल आपली होती ती जमीन आज त्यांच्या नावावर. दीडशे वर्षं आमच्याकडे तेवढंच सांगितलं गेलं. या शेवटच्या कागदासाठी एका कार्यालयात मला तीनदा परत पाठवलं, “जीर्ण आहे, देता येत नाही” म्हणून. चौथ्यांदा एका शिपाईमामांनी स्वतः दप्तर खाली काढलं.

ऑनलाइनबद्दल थोडंसं. शासनाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर नाशिकसह काही जिल्ह्यांचे जुने सातबारे, फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत, आणि विसाव्या शतकातल्या साखळीसाठी ते उत्तम आहेत. पण हक्कनोंदणीच मुळात १९०३ च्या कायद्यानंतरची. त्याआधीचं घर शोधायचं तर इनाम-वतनाच्या कागदांशिवाय वाट नाही. आणि स्कॅनमध्ये मोडी आली की पुन्हा वाचक लागतोच.

बाईंचे दर: लिप्यंतराला बंदामागे ५०० रुपये, अर्थाला वेगळे ३००. आधी निम्मे, काम दिल्यावर निम्मे. पहिल्या गृहस्थांनी दोन पानांचे १,५०० घेतले होते. कामाचा दर्जा बघता बाईंचं काम स्वस्त म्हणावं लागेल. उणं सांगायचं तर दोन गोष्टी. वेळ लागतो. तीन आठवडे म्हणाल्या तर तीन लागले, पण पुण्याहून आणलेल्या दुसऱ्या संचाला सात लागले, आणि मधे फोन उचलत नाहीत. अण्णांचं वय बघता मला ते सात आठवडे फार जड गेले. दुसरं, नावांची वेगळी सूची त्या देत नाहीत, वंशावळीचा तक्ता आपला आपण काढायचा. मी पाचपैकी साडेचार देते. पुराभिलेखागाराला पाच.

हे काम कुणी करावं? ‘आम्ही काही सरदार नव्हतो’ म्हणून बसू नका. इनाम-वतन म्हणजे नुसती सरंजामं नव्हेत. देवळाचा गुरव, मशिदीचा मुल्ला, गावचा जोशी, चौगुला, रामोशी, यांच्या नावांचे कागद आहेत. माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारी महार वतनाचे, म्हणजे इनामाच्या सहा-ब वर्गाचे कागद शोधते आहे. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ज्या वतनाच्या जाचाविरुद्ध मुंबई कौन्सिलात विधेयक मांडलं, त्याच वतनाच्या याद्यांत तिच्या खापरपणजोबांचं नाव, बापाच्या नावासकट, आहे. ते बघून ती आनंदलीही आणि गप्पही झाली. गाव नमुना तीन, म्हणजे दुमाला (इनामी) जमिनींची नोंदवही, तलाठ्याकडे मागून सुरुवात करा. तिथे ‘वर्ग दोन’ दिसलं तर गोंधळू नका. इनामाचा वर्ग दोन म्हणजे जात इनाम, आणि सातबाऱ्यावरचा भोगवटादार वर्ग-२ वेगळा. आमच्या पतसंस्थेत रोज कुणीतरी ही गल्लत करतं.

आणि जमीन परत मिळेल म्हणून कृपया जाऊ नका. जात इनामं १९५२ च्या कायद्याने संपली. मला दोन फोन आले, “ताई, दावा लावता येईल का?” नाही येणार, आणि आम्हाला लावायचाही नाही.

कागद हातात आल्यावर मी वरच्या आळीत तात्यांकडे गेले. अण्णांनी आधी नको म्हटलं, मग जाताना माझ्या हातात घरचे पेढे दिले. तात्या थोरल्या पातीतले सर्वांत वडीलधारे, अण्णांहून तीन वर्षांनी मोठे. मी त्यांच्या पूर्वजाचा जबाब वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला. मग काकूंना हाक मारून तिसऱ्यांदा. त्यानंतर उठून देव्हाऱ्याखालच्या कपाटातून त्यांनी एक पितळी नळी आणली. आत अस्सल सनद होती, तोच मायना, आणि वर नकलेत नुसती चौकट होती तिथे प्रत्यक्ष शाईचा शिक्का. “आम्हाला वाचता येत नव्हतं,” ते म्हणाले, “दसऱ्याला पूजा तेवढी करतो.”

दुसऱ्या दिवशी अण्णा माझा हात धरून वरच्या आळीत चढले. दोघं म्हातारे ओट्यावर बसले आणि लिप्यंतराची पानं मधे ठेवली. बाईंनी प्रश्नचिन्ह टाकलेल्या चार शब्दांपैकी एक त्या पंधरा बिघ्यांच्या शेताचं नाव होतं. बाईंना ‘घो’ आणि ‘ई’ एवढंच लागलं होतं. अण्णांनी ‘घोणसाई’ म्हणून बघितलं. तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांपाशी नेला आणि हसले. “अरे, घोडमळई! नदीकाठची. अजून तेच नाव आहे. आपल्यांच्या घोड्या तिथे चरायच्या म्हणायचे.” मी तिथूनच बाईंना कळवलं. रात्री त्यांचं उत्तर आलं: अक्षरं पुन्हा ताडून बघितली, ‘ड’ आणि ‘म’ एकमेकांत गुंतले होते, घोडमळईच आहे. सोबत दुरुस्त पान होतं, प्रश्नचिन्ह काढलेलं. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. उरलेले तीन शब्द तात्या आणि अण्णा अजून लावत बसले आहेत.